सत्ता डळमळते तेव्हा मानवी हक्क आयोगानं काय करायचं

गोळीबार थांबवणं आयोगाच्या हातात नसतं. कोणाला अटक करणं, सोडणं, बडतर्फ करणं, यातलं काहीही नसतं. बहुतेक देशांत कायद्यानं त्याला मोजक्याच गोष्टी दिलेल्या असतात: बंद दारं उघडून आत जाणं, कागद मागवणं, माणसांना बोलावून जबाब घेणं, शिफारस करणं आणि हे सगळं जाहीर करणं. रस्ते पेटलेले असताना एवढ्याशा भांडवलावर काय करता येतं, कोणत्या क्रमानं करायचं आणि कुठे पाय घसरतो, ते इथे सांगितलं आहे. आयोगाचे सदस्य, सचिव, तपास अधिकारी आणि जिल्हा कार्यालयातली माणसं डोळ्यांसमोर आहेत.

आधी स्वतःचा कायदा उघडा

हे काम शांततेच्या दिवसांतलं, पण सहसा ते राहून गेलेलं असतं. आयोगाच्या कायद्यात चार जागी खूण करून ठेवा. स्वतःहून दखल घेण्याचा अधिकार कुठे आहे? पूर्वसूचना न देता कोठडीत शिरता येतं का? सैन्य किंवा गुप्तचर यंत्रणांना वगळलं आहे का? आणि तक्रारीला मुदत किती?

शेवटचे दोन मुद्दे फार दगा देतात. भारताच्या १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात कलम १९ मुळे सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारीत आयोगाला थेट चौकशी करता येत नाही, केंद्राकडून अहवाल मागवून त्यावर शिफारस करता येते. कलम ३६(२) प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटलं की चौकशीच सुरू करता येत नाही. असं बंधन असेल तर तक्रार अर्धवट असली तरी ती आजच क्रमांक देऊन नोंदवा, पुरावे मागाहून जोडता येतील. वातावरण निवळेपर्यंत थांबलं की मुदत आपोआप उलटते, आणि काहींना तेच हवं असतं.

पाचवी खूण गणसंख्येवर, म्हणजे निर्णयाला किमान किती सदस्य लागतात त्यावर. अध्यक्षपद रिकामं आहे, एक सदस्य परदेशात, दुसऱ्याचा फोन लागत नाही, अशा वेळी पत्रकावर सही कोणाची? त्यासाठी आधीच ठराव करून ठेवावा: आणीबाणीच्या परिस्थितीत कोणतेही दोन सदस्य पत्रक काढू शकतील, एक सदस्य पथक पाठवू शकेल, आणि पुढच्या बैठकीत दोन्हींना मंजुरी घेतली जाईल. कायद्यात हे बसतं का ते विधी अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. हा ठराव नसल्यामुळे पहिले तीन दिवस गप्प राहावं लागलं, तर लोक ते आयोगाचं मत समजतात.

पहिले चोवीस तास

एक खोली, एक मोठी वही, एक फोन नंबर आणि पाळीनं बसणारी माणसं. वहीत सात रकाने पुरतात: वेळ, कोणी कळवलं, काय कळवलं, ठिकाण, दुसऱ्या कोणाकडून दुजोरा मिळाला का, आपण काय केलं, आणि नोंद करणाऱ्याची सही. प्रत्येक बातमीपुढे तीनपैकी एक शिक्का मारा: ऐकलं, तपासलं, पक्कं. संगणकावर करा, पण कागदी वहीही ठेवा. इंटरनेट आणि वीज बंद होणं हे अशा काळात नेहमीचंच, आणि पानांना क्रमांक घातलेली शिवलेली वही पुढे न्यायालयात टिकते.

त्याच दिवशी दुसरं काम: पुरावा जपून ठेवण्याची नोटीस. गृहखातं, पोलीसप्रमुख, तुरुंग प्रशासन, आरोग्य खातं, आणि सैन्य उतरलं असेल तर त्यांचं मुख्यालय, सगळ्यांना. सीसीटीव्हीची बहुतेक यंत्रं काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच, जुन्या चित्रणावर नवं चढवतात, म्हणून त्यात तारीख आणि तासांनिशी मागणी हवी. त्याबरोबर बिनतारी संदेशांची नोंद, कर्तव्यावरच्या माणसांची यादी, वाहनांची लॉगबुकं आणि शस्त्रागाराची नोंदवही.

यातली शस्त्रागाराची वही सगळ्यात बोलकी. समजा एका तुकडीला सकाळी ४० गोळ्या दिल्या, संध्याकाळी २९ परत आल्या. म्हणजे ११ झाडल्या. घटनास्थळी पुंगळ्या ७ सापडल्या. मग उरलेल्या ४ चं काय? कोणी उचलल्या, दुसऱ्याच ठिकाणी झाडल्या गेल्या, की परतीचा आकडा नंतर लिहिला? शाई, अक्षर आणि त्याच पानावरच्या आधीच्या-नंतरच्या नोंदी पाहा. एकाच बैठकीत लिहिलेल्या आठ दिवसांच्या नोंदी डोळ्यांना कळतात. वही मागवताना झेरॉक्सवर समाधान मानू नका. मूळ वही पाहून तिथेच पानापानाचे फोटो घ्या.

पहिलं पत्रक

इथे बरेच आयोग आपटतात. 'घडत असलेल्या घटनांबद्दल आयोग तीव्र चिंता व्यक्त करत असून सर्व संबंधितांनी संयम पाळावा' हे वाक्य कोणालाच उद्देशून नाही, म्हणून कोणालाच बांधत नाही. पत्रकात पाच गोष्टी हव्यात: तारीख आणि ठिकाण, आपण स्वतः काय पक्कं केलं, कोणता हक्क मोडला, कोणी काय करायचं, आणि कधीपर्यंत. उदाहरणार्थ: 'मंगळवारी दुपारी चौकात जखमी झालेल्या ज्या १४ जणांच्या रुग्णालयातील नोंदी आयोगाच्या पथकाने तपासल्या, त्यांतील ९ जणांच्या जखमा कमरेच्या वर आहेत. गोळीबाराचा आदेश कोणी दिला याची लेखी माहिती पोलीसप्रमुखांनी ४८ तासांत द्यावी.' कोरडं वाटतं, पण याला उत्तर द्यावं लागतं.

आंदोलकांनी जाळपोळ केली, पोलिसाला ठेचलं, तेही याच वहीत आणि याच काटेकोरपणे नोंदवायचं. पण दोन्ही बाजूंची चूक असं म्हणून तराजू सारखा करू नका. बंदूक वापरण्याचा अधिकार राज्याला कायद्यानं मिळालेला आहे आणि हिशेबही त्यालाच द्यायचा आहे. १९९० ची संयुक्त राष्ट्रांची बळवापराविषयीची तत्त्वं यात स्पष्ट आहेत: जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा धोका समोर उभा असेल आणि सौम्य उपाय पुरेसे नसतील, तरच माणसावर बंदूक चालवता येते. मालमत्तेचं नुकसान एवढं कारण त्यात बसत नाही.

खरा पेच वेगळाच असतो: सरकार कोणतं मानायचं? २००९ मध्ये होंडुरासमध्ये राष्ट्राध्यक्षांना लष्करानं देशाबाहेर नेलं आणि तिथल्या मानवी हक्क आयुक्तांनी त्या सत्तापालटाची पाठराखण केली. आंतरराष्ट्रीय निकष पूर्ण पाळणाऱ्या संस्थांना मिळणारा ए दर्जा पुढे गेला आणि संस्था बी वर आली. फिजीत डिसेंबर २००६ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या आयोगानं उठावाचं समर्थन करणारा अहवाल काढला, आणि २००७ मध्ये अशा राष्ट्रीय आयोगांच्या आंतरराष्ट्रीय मंडळातलं स्थान गमावलं. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या मार्शल लॉनंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं महाभियोगाला सामोऱ्या जाणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या बचावाच्या हक्काविषयी शिफारस संमत केली. बचावाचा हक्क त्यांनाही आहेच. पण मार्शल लॉमुळे ज्यांचे हक्क धोक्यात आले त्यांच्यासाठी इतकी तत्परता का नाही, असा सवाल देशभर झाला, आणि तो रास्त होता.

म्हणून कोण जिंकावं यावर आयोगानं बोलायचं नाही. घटनेनं आखलेला मार्ग मोडला गेला असेल तर तेवढं मात्र स्पष्ट म्हणायचं. पत्रव्यवहार ज्याच्या हाती कोठडीची किल्ली आहे त्याच्याशी करायचा, मग तो कोणीही असो. पत्रात शेवटी एक ओळ असावी: 'या पत्राने कोणत्याही सत्तेच्या वैधतेला मान्यता दिली असे समजू नये.' पत्ता पदाचा लिहा, मानाची विशेषणं लावू नका. नव्या राज्यकर्त्यांच्या शपथविधीला जायचं की नाही हा प्रश्न हटकून येतो. जाऊ नये. तो एक फोटो पुढची दहा पत्रं पुसून टाकतो.

आणीबाणी जाहीर झाली असेल तर तिचा मसुदा घेऊन नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ४ शेजारी ठेवा आणि एकेक ओळ ताडून पाहा. आणीबाणी अधिकृतपणे पुकारली आहे का? कोणती कलमं स्थगित केली हे संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत इतर देशांना कळवलं का? निर्बंध परिस्थितीला लागतील तेवढेच आहेत का? जगण्याचा हक्क, छळापासून मुक्तता, गुलामगिरीबंदी, घटनेच्या वेळी गुन्हा नसलेल्या कृत्याला शिक्षा न होणं, कायद्यापुढे व्यक्ती म्हणून ओळख, विचार आणि धर्माचं स्वातंत्र्य या गोष्टी कोणत्याही आणीबाणीत स्थगित होत नाहीत. हा तक्ता दोन पानांत करून आयोगाच्या दारावर आणि वेबसाइटवर लावा. वकिलांना तो लगेच उपयोगी पडतो.

रस्त्याआधी रुग्णालय

पथक चौघांचं असावं: तपास अधिकारी, डॉक्टर, एक महिला सदस्य, आणि फक्त नोंदी घेणारा एक जण. पहिला मुक्काम रुग्णालय आणि शवागार. रस्ता झाडून धुतला जातो, पण अपघात विभागाच्या रजिस्टरमध्ये वेळ, जखमेची जागा आणि कोणी आणलं हे त्या घाईतही लिहिलेलं असतं. जखमा शरीराच्या कोणत्या भागावर आहेत याची आकृती काढा. डोळे, डोकं आणि छाती यांवर ठिपके दाटले असतील तर 'पायांवर नेम धरला होता' हे स्पष्टीकरण तिथेच कोसळतं.

मृतदेहांबाबत मिनेसोटा प्रोटोकॉलची, म्हणजे संशयास्पद मृत्यूंच्या तपासाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेची, २०१६ ची आवृत्ती हाताशी ठेवा. शवविच्छेदनाआधी एक्स-रे काढायला सांगा, नाहीतर छर्रे आणि गोळ्यांचे तुकडे आतच राहतात. गोळी उघड्या धातूच्या चिमट्यानं काढू नये, तिच्यावर ओरखडे उठतात आणि ती कोणत्या बंदुकीतून सुटली हे जुळवणं अवघड होतं. रक्तानं भिजलेले कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते आणि नमुना वाया जातो. कुटुंबावर अंत्यसंस्कार उरकण्याचा दबाव असेल तर तो कोणी, कधी, कोणत्या शब्दांत आणला हेही जबाबात लिहा.

छळाच्या खुणा त्याहून नाशिवंत. वळ आणि काळेनिळे डाग साधारण दोन आठवड्यांत ओसरतात. इस्तंबूल प्रोटोकॉल या छळाच्या तपासाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे तपासणी करायची, प्रत्येक जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून एक जवळचा आणि एक लांबचा फोटो घ्यायचा, आणि 'जखम सांगितलेल्या कारणाशी कितपत जुळते' यावर डॉक्टरचं मत घ्यायचं. 'जखमा आढळल्या नाहीत' याचा अर्थ 'छळ झाला नाही' असा होत नाही, हे अहवालात लिहायला विसरू नका.

मग रस्ता. अश्रुधुराची नळकांडी, रबरी गोळ्या, पुंगळ्या उचलण्याआधी जागेवरच फोटो घ्या, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख टिपा. भिंतीवर आदळलेल्या नळकांडीची खूण माणसाच्या छातीच्या उंचीवर असेल तर ती वर कमानीत न सोडता थेट रोखून मारल्याची शक्यता तपासा.

मोबाइलवरचं चित्रण ज्यानं काढलं त्याच्याकडून मूळ फाइल घ्या. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून आलेली प्रत दाबली जाते आणि वेळ-ठिकाणाची माहिती गळते. फाइल मिळताच तिचा हॅश (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा संगणकीय ठसा) काढून वहीत लिहा, एक प्रत कुलूपबंद, एक कामासाठी. हातात कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी कागदावर हवी. एक कडी तुटली की बचावाचा वकील नेमकी तीच धरतो.

जबाब घेताना संमतीच्या तीन पातळ्या वेगवेगळ्या विचारा: फक्त आयोगाच्या माहितीसाठी, नाव न देता अहवालात, की नावासह न्यायालयात. 'सही करा' एवढ्यावर भागवू नका. प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्या आणि नावांची यादी दुसऱ्या इमारतीत ठेवा. घोळक्यात जबाब घेऊ नका, दहाव्या माणसाचा जबाब पहिल्यासारखाच यायला लागतो. आणि जी बाई चार संस्थांना तेच सांगून थकली आहे तिला पाचव्यांदा सांगायला लावण्याआधी, त्या चौघांपैकी कोणाकडून तिच्या परवानगीनं प्रत मिळते का पाहा.

आकड्यांच्या शर्यतीत उतरू नका. सरकार १२ म्हणतं, आंदोलक १२०, आणि पत्रकार आयोगाच्या दारात. प्रत्येक मृत्यूला नाव, वय, ठिकाण, कारण आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन स्रोत मिळाले तरच तो आयोगाच्या आकड्यात. बाकीचे 'तपास सुरू' या वेगळ्या रकान्यात, आणि दोन्ही रकाने जाहीर. आज ४७ सांगून उद्या ४१ वर यावं लागलं तर उरलेल्या एक्केचाळीसांवरही शंका घेतली जाते.

कोठडी

अटकेनंतरचे पहिले ४८ तास सगळ्यात धोक्याचे. पोलीस ठाणी तर पाहाच, पण धरपकड मोठी असेल तर माणसं मैदानं, शाळा, बराकी, गोदामं अशा ठिकाणी कोंबलेली असतात. आत शिरल्यावर आधी नोंदवही, मग प्रत्यक्ष डोकी मोजा. दोन्ही आकडे जुळले तरी स्वयंपाकघरात जा. जेवणाची किती पानं मागवली हा आकडा लपवायचं सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वहीत ६२ आणि जेवणं ९०, तर बाकीची २८ कोण जेवली?

खासगीत बोलायचं, आणि एकाशी बोलून बाहेर पडायचं नाही. जखमी दिसणाऱ्याला एकट्याला बाजूला घेतलं की रात्री त्याचीच पाळी येते. ओळीनं पंधरा-वीस जणांशी सारखाच वेळ बोला, म्हणजे कोणी काय सांगितलं ते कळत नाही. परत येण्याची तारीख निघताना अधिकाऱ्याला सांगू नका, पण परत नक्की या. प्रवेश नाकारला तर दारातच उभं राहून वेळ, नाकारणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि दिलेलं कारण लिहा. तो नकारही जाहीर करण्याजोगा निष्कर्ष आहे.

शिफारशी, न्यायालय आणि नावं

शिफारशीला मुदत आणि जबाबदार पद नसेल तर ती फाइलमध्ये झोपते. ती पाळली जात नसेल आणि कायदा परवानगी देत असेल, तर न्यायालयात जा. भारतात २००२ च्या गुजरातमधल्या हिंसाचारात आयोगानं १ मार्चलाच स्वतःहून दखल घेतली होती. पुढे त्याच हिंसाचारातल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात २००३ मध्ये आरोपी सुटले तेव्हा आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि एप्रिल २००४ मध्ये न्यायालयानं फेरखटला महाराष्ट्रात चालवायला सांगितला. आयोग न्यायालयात नुसता आला नव्हता, त्याच्याकडे वर्षाहून अधिक काळाच्या नोंदी होत्या.

दोषींची नावं छापायची का, यावर केनियाचा धडा उपयोगी आहे. २००७-०८ च्या निवडणुकोत्तर हिंसाचारावर तिथल्या आयोगानं ऑगस्ट २००८ मध्ये सविस्तर अहवाल दिला आणि सोबत दोनशेहून अधिक संशयितांची यादी. काम धाडसाचं होतं. पण आपल्याला बाजू मांडू दिली नाही, असं म्हणत यादीतल्या एका बड्या राजकारण्यानं न्यायालय गाठलं. नाव घ्यायचं असेल तर आधी त्या व्यक्तीला आरोपाचा सारांश पाठवून उत्तरासाठी मुदत द्या आणि उत्तर अहवालात छापा. पुरावा तेवढा भक्कम नसेल तर यादी सीलबंद करून अभियोक्त्याकडे द्या, अहवालात हुद्दा आणि तुकडी पुरे.

आपली माणसं, आपली कागदपत्रं

अफगाणिस्तानचा आयोग ऑगस्ट २०२१ नंतर काम करू शकला नाही आणि मे २०२२ मध्ये तालिबाननं तो बरखास्तच केला. ज्या संस्थेकडे हजारो साक्षीदारांची नावं आहेत तिच्या कपाटांचं अशा वेळी काय होईल, हा विचार प्रत्येक आयोगानं आधीच करायला हवा. सांकेतिक कुलूप असलेली एक प्रत देशाबाहेर, तिची किल्ली दोन माणसांत विभागलेली, आणि साक्षीदारांची यादी कार्यालयाच्या सर्व्हरवर कधीच नाही.

राजीनामा द्यायचा का? सगळे सदस्य एकदम गेले तर गणसंख्या संपते, कोठड्या पाहायला कोणी उरत नाही आणि रिकाम्या खुर्च्यांवर मर्जीतली माणसं बसतात. राहा, जोवर आत जाता येतं आणि पाहिलेलं छापता येतं. यातलं दोन्ही बंद झालं, तर कारण लिहून जा.

सत्ता बदलली की आयोगाची कसोटी पुन्हा सुरू होते. बांगलादेशात २०२४ च्या जुलै-ऑगस्टमधल्या आंदोलनानंतर आणि सत्तापालटानंतर आयोगाच्या आधीच्या कामगिरीवर टीका झाली आणि नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष व सदस्य पायउतार झाले. नव्या राजवटीत जुने मंत्री कोठडीत असतात, जमाव त्यांची घरं फोडतो, सरसकट खटले भरले जातात, आणि त्यांच्यासाठी बोलणाऱ्याला गद्दार म्हणतात. सरसकट माफीचे प्रस्तावही याच सुमारास येतात. छळ आणि बेकायदा हत्या त्यातून वगळायला सांगा. मग गेल्या महिन्यात आंदोलक विद्यार्थ्याच्या कोठडीत नेलेला तोच छापील फॉर्म माजी गृहमंत्र्याच्या कोठडीत न्या, आणि तेच रकाने भरा: अटकेची वेळ, वकील भेटला का, औषधं मिळतात का, अंगावर खुणा, रात्री दिवा बंद होतो का.